परदेशी कंपनीवर मानवी हक्कांचा दावा : कोणते न्यायालय तो ऐकू शकते?
(आमच्या अशिलांसाठी माहितीपत्रक)

परदेशात झालेल्या अत्याचाराबद्दल बहुराष्ट्रीय कंपनीवर अमेरिकेत दावा लावता येईल का, असे विचारणारे अशील बहुधा एकच कारण पुढे करतात : त्या कंपनीचा तिथे मोठा धंदा आहे. एवढे कारण आता पुरत नाही, आणि ते का पुरत नाही हे 'डायम्लर विरुद्ध बाउमन' या खटल्यावरून स्पष्ट होते.

अर्जेंटिनातील रहिवाशांनी २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात डायम्लर या जर्मन कंपनीवर दावा दाखल केला. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत कंपनीच्या अर्जेंटिनातील उपकंपनीने सुरक्षा दलांशी संगनमत करून स्वतःच्याच कामगारांचे अपहरण, छळ आणि हत्या यांना हातभार लावला, असा त्यांचा आरोप होता. या घटनांचा कॅलिफोर्नियाशी काहीही संबंध नव्हता. दाव्याचा आधार एवढाच की डायम्लरची दुसरी एक उपकंपनी त्या राज्यात मर्सिडीज गाड्या विकत होती आणि कोस्टा मेसा येथे तिचे विभागीय कार्यालय होते. डायम्लरच्या जगभरातील विक्रीपैकी सुमारे २.४ टक्के विक्री कॅलिफोर्नियात होत असे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कोणत्याही प्रकरणात कंपनीला खेचता येईल असे ठिकाण म्हणजे सामान्यतः तिची नोंदणी जिथे झाली आहे किंवा तिचा मुख्य कारभार जिथून चालतो ते. इतरत्र दावा लावायचा तर दाव्यातील घटनेचा त्या ठिकाणाशी संबंध दाखवावा लागतो. आरोप खरे होते की खोटे, हा प्रश्न सुनावणीला आलाच नाही, आणि आमच्या मते अशा खटल्यांतील सर्वांत कटू भाग हाच आहे.

अशा दाव्यांसाठी पूर्वी वापरला जाणारा १७८९ चा अमेरिकी कायदाही आता फारसा उपयोगी राहिलेला नाही : २०१३ च्या 'किओबेल' निकालाने परदेशातील कृत्यांना तो लावण्यावर मर्यादा घातली, तर २०१८ च्या 'जेस्नर' निकालाने परदेशी कंपन्यांना त्यातून वगळले.

मूळ कंपनी ज्या देशात नोंदलेली आहे, तिथे चित्र वेगळे असू शकते. झांबियातील तांब्याच्या खाणीमुळे झालेल्या प्रदूषणाचा, तिथल्या गावकऱ्यांनी इंग्लंडमध्ये नोंदलेल्या वेदांता या मूळ कंपनीवर लावलेला दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले.

तरीही अधिकार आहे म्हणून न्यायालय दावा ऐकेलच असे नाही, हे आपल्याला भोपाळने शिकवले आहे. युनियन कार्बाइड ही अमेरिकी कंपनी असूनही न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ मध्ये, साक्षीदार, पुरावे आणि पीडित भारतात असल्याने खटला तिथेच चालणे सोयीचे आहे, असे म्हणून तो फेटाळला. मात्र कंपनीने भारतीय न्यायालयांचा अधिकार मान्य करावा, अशी अट घातली.

म्हणून आमच्याकडे येताना नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, करार आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार सोबत आणावा, कारण फाटकावरच्या पाटीवर एका कंपनीचे नाव असते आणि करारावर सही दुसरीच करते. दाव्याची मुदत प्रत्येक देशात वेगळी असल्याने कागद पूर्ण जमेपर्यंत थांबू नये. जे हाती आहे ते घेऊन यावे.