पाऊस पळवणारं विमान?
आभाळ भरून येतं, एखादं अनोळखी विमान घरघरत जातं आणि पाऊस हुलकावणी देतो. मग पारावर एकच बोलणं: "विमानानं औषध फवारून ढग पळवले!" ज्याचं सोयाबीन माना टाकतंय त्याचा संताप मला कळतो, पण हे खरं नाही. विमानामागची पांढरी रेघ औषधाची नसते. साधारण १० किलोमीटर उंचीवर उणे ४० अंशांच्या आसपास थंडी असते. इंजिनातून निघालेली वाफ तिथं गोठते, तिचीच ती रेघ. पावसाळी ढगांचा तळ त्याच्या कितीतरी खाली असतो. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून उडालेली विमानं ढगांत क्षारांचे कण सोडत होती खरी, पण पाऊस पाडण्यासाठी. वरून जाणारं विमान कोणतं, हे मोबाइलवर फ्लाइटरडार२४ हे अ‍ॅप उघडून पाहा. बहुतेक प्रवासी विमानांची उंची आणि मार्ग तिथं दिसतो.