न्यू जर्सीत शेतजमिनीचा मालमत्ता कर कमी कसा होतो: पाच एकर, हजार डॉलर आणि १ ऑगस्ट

एडिसन, प्लेन्सबरोकडची आपली मंडळी हंटरडन किंवा वॉरन काउंटीत जमीन बघायला गेली, की एजंट हमखास एक वाक्य टाकतो: "याला फार्मलँड असेसमेंट आहे, टॅक्स अगदी किरकोळ." ऐकायला गोड वाटतं. न्यू जर्सीचा मालमत्ता कर अमेरिकेत सगळ्यात जड मानला जातो, त्यामुळे दहा-बारा एकरांवर वर्षाला शे-दोनशे डॉलरच कर असं कळल्यावर माणूस मनातल्या मनात भेंडीचे वाफे काढायला लागतो. पण ही सवलत माणसाला नाही, जमिनीच्या वापराला आहे. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचे बरेचसे नियम आपोआप उलगडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे घरांच्या वसाहती भराभर वाढल्या आणि मक्याच्या शेतालाही प्लॉटच्या भावाने कर लागू लागला. तो भरायचा तर शेत विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून १९६३ साली मतदारांनी राज्यघटनेतली दुरुस्ती मंजूर केली आणि १९६४ मध्ये फार्मलँड असेसमेंट कायदा आला. त्यानुसार पात्र जमिनीचं मूल्य बाजारभावाने न धरता शेती म्हणून तिची जी उत्पादकता आहे त्यावरून धरतात. कराचा दर गावातल्या इतरांसारखाच असतो, कमी होतं ते मूल्यांकन.

गंमत अशी की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी आपण शेतकरी असल्याचा पुरावा, कुठला तरी सातबारा, दाखवावा लागतो. इथे तसं कुणी विचारत नाही. तुम्ही बँकेत असा नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये, जमीन कसली जातेय का, एवढंच बघतात. ती कसणारा दुसरा कुणी असला तरी चालतं.

पात्रता

किमान पाच एकर जमीन शेती किंवा बागायतीच्या प्रत्यक्ष वापरात हवी. एका मालकीची, सलग. पहिली ठेच इथेच लागते. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने ५.३ एकरांची जागा घेतली आणि पाचाच्या वर आहे म्हणून निर्धास्त राहिले. नंतर सर्व्हेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो आणि एकेक रेघ मोजली. घर, ड्राइव्हवे, पुढचं-मागचं लॉन, पोहण्याचा तलाव, फुलझाडं मिळून एक एकराच्या जवळपास गेलं. राहत्या घराखालची आणि घराच्या वापरातली जमीन शेतीच्या पाच एकरांत धरत नाहीत. उरले सव्वाचार. थोडक्यात, घरासकट घ्यायचं असेल तर सहा एकरांच्या खाली बघूच नका. धान्याचं कोठार, अवजारांची शेड, ग्रीनहाऊस, तळं यांच्याखालची जमीन मात्र शेतीत धरतात.

लागोपाठ दोन वर्षं शेती झालेली असावी लागते, म्हणजे ज्या वर्षाचा कर कमी हवा त्याच्या लगेच आधीची दोन. २०२७ च्या करासाठी २०२५ आणि २०२६. आधीच्या मालकाने त्या काळात शेती केली असेल तर ती वर्षं धरली जातात, कारण हिशोब जमिनीचा असतो. पडीक जागा घेतलीत तर दोन वर्षं पूर्ण कर भरत शेती करायची तयारी ठेवा.

मग विक्री. पहिल्या पाच एकरांवर वर्षाला किमान १,००० डॉलरची विक्री दाखवावी लागते. २०१४ च्या करवर्षापर्यंत ही रक्कम ५०० होती. पाचाच्या वरच्या प्रत्येक एकराला ५ डॉलर, आणि ती जादा जमीन जंगल किंवा पाणथळ असेल तर एकरी ५० सेंट. समजा बारा एकरांची जागा आहे: एक एकर घराचा, नऊ शेतीचे, दोन झाडीचे. १,००० अधिक चार एकरांचे २० अधिक झाडीचा १, झाले १,०२१ डॉलर. हा आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नाही. बियाणं-खतावर तीन हजार घालून अकराशेची भाजी विकलीत तरी अट पुरी झाली, घरचे काय म्हणतील तो भाग वेगळा. घरी खाल्लेली मेथी आणि शेजाऱ्यांना वाटलेले दुधी मात्र विक्रीत येत नाहीत.

भाजी, फळं, मका, चाऱ्याचं गवत, अंडी, मेंढ्या, मध, नाताळची झाडं, सगळं चालतं. द्राक्षाचा मळा किंवा फळबाग नुकतीच लावली असेल तर पीक यायला काही वर्षं जाणारच. तिथे वाजवी काळात तेवढं उत्पन्न येईल याचा ठोस पुरावा देता येतो. ज्यांना स्वतः राबणं शक्य नाही ते बहुधा जवळच्या शेतकऱ्याला गवतासाठी जमीन देतात. तो पेरतो, कापतो, गाठी बांधून नेतो. अशा वेळी तुम्हाला मिळणारं भाडं धरत नाहीत, त्याने विकलेल्या गवताची रक्कम धरतात. म्हणून त्याच्याकडून दरवर्षी सहीनिशी लिहून घ्या: किती एकर, किती गाठी, किती डॉलर. तोंडी व्यवहाराचा इथे काडीचा उपयोग नाही.

नुसती झाडी असेल तर प्रकरण वेगळं. शेतीला जोडून असलेली, शेतीइतकी किंवा तिच्याहून कमी झाडी सहसा शेतीबरोबरच धरली जाते. झाडी जास्त असेल तर मान्यताप्राप्त फॉरेस्टरकडून वनव्यवस्थापन आराखडा करून घ्यावा लागतो आणि डब्ल्यूडी-१ हा जादा फॉर्म जोडावा लागतो.

अर्ज आणि कागद

फॉर्मचं नाव एफए-१. तो राज्याच्या करविभागाच्या संकेतस्थळावर आणि टाउनशिपच्या टॅक्स असेसरकडे (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) मिळतो, आणि भरून द्यायचा तो असेसरकडेच. मुदत आदल्या वर्षीची १ ऑगस्ट, म्हणजे २०२७ च्या सवलतीसाठी १ ऑगस्ट २०२६. अर्ज दरवर्षी करावा लागतो. एकदा मंजूर झाला म्हणजे कायमचा, असं समजून लोक जुलैत भारतात जातात आणि परत येऊन डोक्याला हात लावतात. मालक आजारी असेल किंवा घरात मृत्यू झाला असेल तर असेसर १ सप्टेंबरपर्यंत मुदत देऊ शकतो. विसरलो, प्रवासात होतो, ही कारणं चालत नाहीत.

फॉर्मवर ब्लॉक आणि लॉट नंबर लागतो, तो कराच्या बिलावर सापडेल. पुढे जमिनीची वापरानुसार वाटणी लिहायची: पीक काढलेली, चराईची, झाडीची, घराखालची. त्यानंतर कुठलं पीक किती एकरांत आणि जनावरं किती. एकरांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे. विक्रीच्या तपशिलासाठी एफए-१ जीएस हा पुरवणी फॉर्म आहे. सोबत पावत्या, बिलं, कसणाऱ्या शेतकऱ्याचा लेखी दाखला, आणि कुठे काय लावलंय ते दाखवणारा साधा हाती काढलेला नकाशा ठेवा. मी स्वतः पिकाचे तारखेसह फोटोही जोडतो. कुणी मागत नाही, पण असेसर पाहणीला आला आणि गवत नुकतंच कापून गेलेलं असलं तर तेच कामाला येतात. दर तीन वर्षांत एकदा तरी पाहणी व्हावी असा नियम आहे. जाणूनबुजून खोटी माहिती भरली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड.

अर्ज नाकारला तर १ नोव्हेंबरपर्यंत नोटीस येते, त्यात कारण लिहिलेलं असतं. त्यावर काउंटीच्या कर मंडळाकडे अपील करता येतं. बहुतेक काउंट्यांत त्याची मुदत १ एप्रिल आहे, मॉनमथमध्ये १५ जानेवारी.

रोलबॅक, म्हणजे मागची वसुली

एजंट जे सांगत नाही ते हे. वाचलेला कर माफ झालेला नसतो, शेती चालू आहे तोवर मागे ठेवलेला असतो. शेती मोडून तिथे घरं, दुकान, पार्किंग असं काही केलं, की ते वर्ष आणि त्याआधीची दोन, अशा तीन वर्षांचा फरक वसूल होतो. उदाहरणादाखल: शेती म्हणून कर १५० डॉलर, एरवी तो १४,००० झाला असता. फरक १३,८५०, तीन वर्षांचे ४१,५५०. आपल्याकडे जमीन एनए करताना जसा खर्च धरावा लागतो, तसाच हा धरायचा.

नुसत्या विक्रीने रोलबॅक लागत नाही, शेतीचा वापर बदलला तरच लागतो. पण बोजा जमिनीवर असतो, त्यामुळे वापर कुणीही बदलला तरी बिल जमिनीच्या मागे येतं. खरेदीच्या करारात रोलबॅक कोण भरणार हे एका ओळीत लिहून घ्यायला वकिलाला सांगा. शिवाय विकणाऱ्याकडून मागच्या दोन वर्षांच्या एफए-१ च्या प्रती आणि विक्रीच्या पावत्या क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीखत पुरं होण्याच्या, आधीच मागून घ्या. नंतर तो फ्लोरिडाला गेलेला असतो आणि फोन उचलत नाही.

विकासहक्क सरकारला विकून जमीन कायमची शेतीसाठी राखण्याची, फार्मलँड प्रिझर्व्हेशनची योजना या सगळ्यापासून वेगळी आहे. तशी राखीव जमीन तुमच्याकडे असली तरी कराची सवलत आपोआप मिळत नाही, एफए-१ तिथेही दरवर्षी भरावाच लागतो.