त्वचेची इम्युनोफ्लोरेसन्स तपासणी

शरीराने स्वतःच्याच त्वचेविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार केली आहेत का, हे चमकणाऱ्या रंगाच्या मदतीने पाहण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. पेम्फिगस, बुलस पेम्फिगॉइड अशा फोडांच्या आजारांचे निदान तिच्यामुळे पक्के होते. प्रतिपिंडाला असा रंग जोडण्याची युक्ती अमेरिकन संशोधक अल्बर्ट कून्स यांची, १९४०च्या दशकाच्या सुरुवातीची.

शेळीला किंवा सशाला मानवी आयजीजी (माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) टोचले की त्या प्राण्याच्या रक्तात आयजीजीला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती शुद्ध करून त्यांना फ्लोरेसिन हा रंग जोडतात. निळा प्रकाश पडला की ते हिरवे चमकते. प्रत्यक्ष पद्धतीत ही प्रतिपिंडे रुग्णाच्या त्वचेच्या गोठवून घेतलेल्या पातळ कापावर थेट घालतात. अप्रत्यक्ष पद्धतीत आधी रुग्णाच्या रक्तातील सीरम माकडाच्या अन्ननलिकेच्या कापावर ठेवतात, काप धुतात आणि मग प्राण्यापासून मिळवलेले तेच चमकणारे प्रतिपिंड घालतात, त्याला दुय्यम प्रतिपिंड म्हणतात. पेम्फिगसमध्ये बाह्यत्वचेतील प्रत्येक पेशीची कड उजळते आणि मासे पकडायचे जाळे पसरल्यासारखे दिसते. पेम्फिगॉइडमध्ये बाह्यत्वचेच्या तळाशी एकच सलग हिरवी रेघ उमटते.

नुसते चमकणे हा पुरावा नव्हे. निरोगी माणसाच्या त्वचेतही रक्तातून झिरपलेले आयजीजी असतेच आणि मानवी आयजीजीविरुद्धचे दुय्यम प्रतिपिंड त्यालाही चिकटते. अंतस्त्वचेतील लवचीक तंतू तर रंगाशिवायही चमकतात. म्हणून अप्रत्यक्ष चाचणीत निरोगी व्यक्तीचे सीरम घातलेला काप शेजारी ठेवावाच लागतो. निर्णय द्यायचा तो चमक कुठे आणि कोणत्या आकृतीत आहे, यावरून.

कोकणात या चाचणीचे यश पुष्कळदा नमुन्याच्या प्रवासावर ठरते. अंगावर फोड उठले की अनेक घरांत आधी नागीण समजून गावठी औषध होते, त्यात दिवस जातात. पुढे देवगड किंवा गुहागरसारख्या ठिकाणी घेतलेला तुकडा मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला पाठवायचा असेल, तर हाताशी असलेल्या फॉर्मलिनच्या (नमुने टिकवण्याच्या नेहमीच्या रसायनाच्या) बाटलीत तो टाकू नये. फॉर्मलिनने ही तपासणी बिघडते. मिशेलच्या द्रावणात, म्हणजे अशा नमुन्यांच्या वाहतुकीसाठीच्या खास द्रवात, तुकडा बर्फाशिवाय काही दिवस टिकतो. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतात, तेव्हा हाच मार्ग खात्रीचा. दुसऱ्या दिवशी नमुना पोचणार असेल तर साधे सलाइनही चालते. तुकडा फोडाचा नको, फोडालगतच्या धड दिसणाऱ्या त्वचेचा घ्यावा, कारण फोडात प्रतिपिंडे नष्ट झालेली असू शकतात. नेहमीच्या सूक्ष्मदर्शी तपासणीसाठी ताज्या फोडाचा वेगळा तुकडा घेतात, फॉर्मलिन त्याच्यासाठी.