शिशाच्या जागेवर वाळा : लावण्याआधी एवढं वाचा

'झाडं लावली की जमिनीतलं शिसं निघून जातं' असं ऐकून बरेच जण आमच्या रोपवाटिकेत येतात. ऐकलेलं खोटं नाही, अर्धं आहे. मोहरी मुळांवाटे शिसं उचलते खरी, पण हिशेब मांडून बघा. एकरभर जमिनीतली फूटभर खोल माती साधारण १५०० टन भरते. किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं कमी करायचं म्हटलं, तर एकूण १५० किलो बाहेर काढावं लागेल. एकरी दोन टन वाळलेला पाला आणि त्यात किलोमागे २०० मिलिग्रॅम शिसं धरलं (आम्ही सढळ हातानं धरतोय), तरी एका पिकात निघतं ४०० ग्रॅम! त्यात आपल्या काळ्या चुनखडीच्या मातीत शिसं घट्ट बसतं. रसायन घालून ते मोकळं करता येतं, पण मग ते विहिरीत उतरायची भीती. तो उद्योग आम्ही करत नाही.

म्हणून विटा-खानापूरकडची (जि. सांगली) जुनी गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळायची, जागा असो की बॅटऱ्या फोडलेलं आवार, आम्ही वाळाच (खस गवत) सुचवतो. वाळा शिसं काढत नाही, जागच्या जागी धरून ठेवतो. मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, माती ओघळत नाही, धूळ उडून घरात येत नाही. ओळीत वितभर अंतरावर ठोंब लावायचे, पहिल्या पावसानंतर. आधी सुपर फॉस्फेट मिसळलं तर शिसं आणखी आवळलं जातं.

बहुतेक धातू मुळांतच साठतो. त्यामुळे इथल्या वाळ्याची जुडी माठात टाकायची नाही, अत्तरवाल्याला विकायची नाही. पाला जनावरांना नको, बंबात नको, खतात नको. उपटलेली मुळं घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच द्यावीत. जवळचं पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे.

नेहमीच्या माती परीक्षणात शिसं येत नाही, ते वेगळं सांगून तपासून घ्या. सोबत बांधापलीकडच्या स्वच्छ मातीचाही नमुना द्या. आपल्या बेसॉल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतं. नुसता आकडा बघून उगाच धसका बसतो.

कृष्णाकाठची क्षारपड हा निराळा रोग आहे, तिथं निचऱ्याचे पाईप लागतात. आणि प्लेटिंगचं (धातूचा मुलामा देण्याच्या कामाचं) सांडपाणी जमिनीत अजून मुरतच असेल, तर ते बंद होईपर्यंत आम्ही काम घेत नाही.