‘आधी टीबी संपू द्या, मग एचआयव्हीचं बघू’ हे चूक आहे

एचआयव्ही आणि क्षयरोग दोन्ही असलेल्या रुग्णाला अजूनही सांगितलं जातं, की आधी टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करा. दोन्हीची औषधं एकदम झेपणार नाहीत. या सल्ल्यापायी जीव जातात.

कंबोडियातल्या ‘कॅमेलिया’ चाचणीत प्रतिकारशक्ती फार खालावलेले ६६१ रुग्ण होते. टीबीचे उपचार सुरू झाल्यावर निम्म्यांना २ आठवड्यांनी एचआयव्हीची औषधं दिली, बाकीच्यांना ८ आठवड्यांनी. पहिल्या गटात सुमारे १८ टक्के दगावले, दुसऱ्यात २७ टक्के. हे २०११ मध्येच प्रसिद्ध झालं! आज जागतिक आरोग्य संघटनाही २ आठवड्यांच्या आत सुरुवात करायला सांगते. अपवाद मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा. तिथे ४ ते ८ आठवडे थांबतात.

मग हा समज आला कुठून? एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यावर काहींचा ताप उलटतो, गाठी सुजतात, आणि घरच्यांना वाटतं की औषध बाधलं. खरं तर सावरू लागलेली प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडते, त्यातून दाह वाढतो. याला ‘आयरिस’ म्हणतात. लवकर सुरुवात केली तर तो जास्त दिसतो, हे खरंच. पण बहुतेकदा दोन्ही उपचार चालू ठेवून, गरज पडल्यास स्टेरॉइड देऊन तो आटोक्यात येतो. तेव्हा गोळ्या स्वतःहून थांबवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

औषधं एकमेकांत अडतात, हेही अर्धसत्य. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून ते ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा देतात.