शैक्षणिक व्हिडिओ गेम

अभ्यासक्रमातील एखादा घटक विद्यार्थ्याने खेळता खेळता आत्मसात करावा, या हेतूने रचलेला किंवा वर्गात वापरला जाणारा संगणकीय खेळ. प्रश्नमंजूषेला गुण आणि चित्रे जोडली म्हणजे असा खेळ होत नाही. विद्यार्थ्याने घेतलेल्या निर्णयाचा परिणाम खेळाच्या जगात दिसावा आणि तो पाहून त्याने पुढचा निर्णय बदलावा, ही त्याची खरी खूण मानणे योग्य ठरते.

उगम : या प्रकाराचा आरंभ अनेकदा ‘ओरेगॉन ट्रेल’पासून (१९७१) सांगितला जातो, परंतु अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १९६४ ते १९६६च्या सुमारास घडवलेल्या ‘सुमेरियन गेम’चा मान त्याहून आधीचा आहे. आयबीएम कंपनी आणि वेस्टचेस्टर परगण्यातील शिक्षण मंडळ यांच्या या संयुक्त प्रकल्पात खेळाची संहिता मेबल ॲडिस या शाळाशिक्षिकेने लिहिली. सहावीतील विद्यार्थी प्राचीन लागाश नगराचा राजा होई आणि हाती आलेल्या पिकातून प्रजेच्या पोटाला किती द्यायचे, बियाण्यासाठी किती राखायचे आणि कोठारात किती बेगमी करायची, हे टंकून कळवी. संगणक त्याचा परिणाम कागदावर छापून देई. डग डायमेंट यांनी १९६८च्या सुमारास रचलेला त्याच धर्तीचा छोटा खेळ पुढे ‘हम्मुराबी’ या नावाने पसरला, त्यामुळे दोहोंची गल्लत होते. मूळ खेळाचे काही छापील तुकडे उरले आहेत.

पडदा नसल्याने ‘सुमेरियन गेम’ला व्हिडिओ गेम म्हणू नये, असा एक आक्षेप आहे. ही अट काटेकोरपणे लावली तर १९७१चा ‘ओरेगॉन ट्रेल’ही बाद होतो, कारण तोही टेलिटाइप यंत्रावरच (संगणकाला जोडलेल्या, कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रावर) खेळला गेला. म्हणून शैक्षणिक हेतू आणि परस्परसंवाद यांना प्रमाण मानून ॲडिस यांच्या खेळाला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक दिसते. पडद्याचाच आग्रह असल्यास इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापन प्रणालीकडे वळावे लागते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकारांचा खडतर प्रवास मांडणारा ‘ओरेगॉन ट्रेल’ डॉन रॉविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या तीन तरुण प्रशिक्षणार्थी शिक्षकांनी मिनीॲपोलिसमध्ये तयार केला. शिकार साधायची तर ‘बँग’ हा शब्द इंग्रजीत बिनचूक आणि चटकन टंकावा लागे. सत्र संपल्यावर हा खेळ संगणकावरून काढून टाकण्यात आला. मात्र छापील आज्ञावली रॉविच यांनी जपून ठेवली होती, त्यामुळेच पुढे तो मिनेसोटा राज्यभरातील शाळांपर्यंत पोहोचू शकला. पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकारांच्याच नजरेतून इतिहास दाखवल्याबद्दल त्याच्यावर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे.

तत्त्व : खेळाची गोडी आणि पाठ्यघटक यांची सांगड कशी असावी, याचे उत्तम उदाहरण प्लेटोवरील ‘डार्ट्स’ हे आहे. उभ्या संख्यारेषेवर फुगे दिसतात. मूल अंदाजाने अपूर्णांक टंकते आणि बाण त्याच स्थानी जाऊन लागतो. उत्तर चुकले तरी बाण रेषेवर रुतलेला राहतो, म्हणून आपण किती वर वा खाली गेलो हे मुलाला तिथेच उमगते. चूक हाच पुढचा धडा होतो. संशोधक टॉमस मॅलोन यांनी १९८०च्या सुमारास या खेळाच्या आठ आवृत्त्या पाचवीच्या मुलामुलींपुढे ठेवल्या, तेव्हा फुगे फोडण्याची कल्पना मुलग्यांना भावली, मुलींना मात्र ती फारशी रुचली नाही. सर्वांना सारखाच रुचेल असा खेळ गृहीत धरणाऱ्यांनी हा निष्कर्ष अवश्य ध्यानात घ्यावा.

नंतरच्या खेळांपैकी ‘कार्मेन सॅन्डिएगो’ (१९८५), करमणुकीसाठी निघालेला पण वर्गात शिरलेला ‘सिमसिटी’ (१९८९) आणि ‘माइनक्राफ्ट’ची शैक्षणिक आवृत्ती (२०१६) हे उल्लेखनीय होत.

परिणामकारकता : खेळाने मुलांचा उत्साह वाढतो, हे सर्रास गृहीत धरले जाते. संशोधक पीटर वाउटर्स व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अध्ययन व स्मरण यांत पारंपरिक पद्धतींपेक्षा माफक सरसपणा आढळला; प्रेरणेतील फरक मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. खेळाला इतर अध्यापनाची जोड होती, तो अनेक तासिकांत विभागला होता किंवा मुले गटाने खेळत होती, तिथे अध्ययनाचा लाभ अधिक होता.