स्लॅबच्या घरात वायफाय का अडतं?

कवेलूचं घर सोडून माणसं स्लॅबखाली राहायला आली की नेट समोरच्या खोलीपुरतंच उरतं, ही तक्रार विदर्भातल्या गावांत आता नेहमीची आहे. उपाय म्हणून लोक जास्त स्पीडचा प्लॅन घेतात. तो पैसा बहुधा वाया जातो. राउटरपर्यंत नेट नीट येत असतं. अडतं ते राउटर आणि मोबाइल यांच्या मधे.

वायफाय ही रेडिओ लहर. २.४ गिगाहर्ट्झला तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झला त्याच्या निम्म्याहून कमी. कुडाच्या कोरड्या भिंतीतून ती सहज जाते. टिनातून जात नाही, आणि यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. लहरीतलं विद्युतक्षेत्र सेकंदाला २४० कोटी वेळा झुलतं आणि त्या तालावर तेही झुलतात. झुलणारा इलेक्ट्रॉन स्वतः नवी लहर सोडतो. पत्र्यापलीकडे ही नवी लहर मूळ लहरीच्या नेमकी उलट पडते, दोघी एकमेकींना पुसून टाकतात. अलीकडे तीच परावर्तन म्हणून मागे फिरते. टिनाच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, त्यात फक्त अडीच मायक्रोमीटर खोलीवर क्षेत्र ३७ टक्के उरतं, पुढच्या अडीचला त्याचे ३७ टक्के. टिनाचा पत्रा तर अर्ध्या मिलिमीटरचा!

स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी थोडी लहर पलीकडे जाऊ देते, पण नव्या काँक्रीटमध्ये पाणीही मुरलेलं असतं. पाण्याचे रेणू क्षेत्राबरोबर वळू पाहतात, शेजाऱ्यांना घासतात, आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. (२.४ ही पाण्याची ‘खास’ वारंवारिता आहे हे खोटं. साध्या तापमानाला दर झोक्यामागचं सर्वाधिक शोषण २० गिगाहर्ट्झच्या आसपास होतं.)

आता मे महिन्यातला कूलर बघा. पत्र्याची पेटी, ओल्या ताट्या, भरलेली टाकी, आणि बसवला तो नेमका खिडकीत, जिथून लहर अंगणातल्या बाजेपर्यंत जात होती. धातू आणि पाणी, दोन्ही एकाच जागी.

राउटर आग्नेय कोपऱ्यात ठेवा म्हणणारे वास्तुवाले आणि सिग्नल वाढवणारे स्टिकर विकणारे, दोघांनाही पैसे देऊ नका. लहरीचा दिशेच्या शुभाशुभाशी काही संबंध नाही.

राउटर लोखंडी आलमारीवरून काढा, घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, मोकळ्यावर ठेवा. मागच्या खोलीसाठी दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा वेगळा डबा) केबलने जोडा. लाइट फिटिंग चालू असतानाच भिंतीत त्यासाठी एक पाइप जास्तीचा टाकून घ्या. बिनतारी रिपीटर घेतलाच, तर सिग्नल अजून बरा आहे तिथे लावा. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट आधी ऐकतो, मग पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

गोठ्यापर्यंत नेट न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका, धातूची तार नसलेलं काचेचं फायबर टाका. जवळपास वीज पडली तर तांब्यातून झटका घरातल्या यंत्रांपर्यंत येतो. काचेत मोकळे इलेक्ट्रॉन नसतात.